हेल्मेट आणि डबा

चॅपलच्या मागल्या खोलीत, रात्री साडेनऊला,
मेरियल हेल्मेट पालथं करते टेबलावर.
नाणी, भिजून चिकटलेल्या नोटा,
कुणाच्या तरी जॅकेटचं बटण,
आणि एक नट.
गंज पुसून, तेल लावलेला.

"यंदाही?" ती म्हणते.
मी पाचाच्या नोटा वेगळ्या करत राहते.
चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली,
ओली नोट कशी सोडवायची ते बोटांना माहीत आहे.

आज एकसष्ट मोटरसायकली आल्या.
हेविनची बीएसए घाट उतरताना दोनदा बंद पडली,
दोन्ही वेळा तो असा खाली वाकला
जणू बुटाची नाडीच बांधायची होती त्याला.
मांसाच्या कारखान्यातली दोन पोलिश पोरं एकाच होंडावर.
साइडकारमध्ये गॉगल लावलेला ब्रिनमोरचा कुत्रा;
सगळ्यात जास्त पैसे त्याच्याच गळ्यातल्या डबीत पडतात,
हे दरवर्षीचं.

आणि अंगणात जुन्या गाड्या:
तीन लँड रोव्हर, एक ऑस्टिन जिप्सी,
जिच्यावरून तिच्या मालकाला सगळे चिडवतात, आणि तो चिडतो.
हातात चहाचे मग घेऊन माणसं बॉनेटभोवती उभी,
नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासराभोवती राहावीत तशी.
"माझी डाव्या बाजूनं गळायची."
"नुसती गळायची? आमच्या बापानं खाली
भाजायचं पातेलं ठेवलेलं. रविवारी आई शोधत बसायची."
"पिवळा आधी दाबायचा, मग लाल दांडा."
"छे! लाल मागे ओढला की
पिवळ्याला हात लावावाच लागत नाही."
पाऊण तास हेच.
हवाई रुग्णवाहिकेचं नाव एकदाच निघालं,
तेही मी हेल्मेट पुढे केलं तेव्हा.

इडवालचं नाव कुणी काढलं नाही.
माझ्यासमोर काढत नाहीत.

फेब्रुवारी होता. वरच्या खाणीपाशी
अडकलेली मेंढी काढायला गेला भाऊ, आणि कडा सुटला.
हेलिकॉप्टर आलं होतं. आम्ही ऐकलं ते,
डोक्यावर, अगदी जवळ, धुक्याच्या आत.
घिरट्या घातल्या त्या आवाजानं, आणि परत गेला.
मग डिलविननं आपली लँड रोव्हर ओढ्यात घातली.
तीन मैल.
लाल दांडा मागे ओढून, माणूस चालेल त्याहून सावकाश.
मागे मी, पत्र्याला टाचा रोवून,
इडवालचं डोकं मांडीवर.
दुसऱ्या मैलापर्यंत तो बोलत होता.
गिअर करकरला तेव्हा म्हणाला,
"क्लच, डिलविन. पुरता दाब की."
नंतर काही नाही.

डिलविननं ती गाडी पुन्हा चालवली नाही. विकलीही नाही.
राइडला तो येत नाही.
पण कुणाच्या तरी हातून हेल्मेटात काहीतरी येतं:
पहिल्या वर्षी पिवळी मूठ.
मग वायसर, स्प्रिंग, दाराची बिजागरी,
गेल्या वर्षी वायपरचा तुटका हात, वर्तमानपत्रात गुंडाळून.
चिठ्ठी कधीच नाही.
त्या गाड्यांचं अंग ॲल्युमिनियमचं, ते टिकतं.
गंजतो तो खालचा सांगाडा, आतून,
हातोडीनं ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही.
मी त्याच्याकडे गेले नाही कधी.
बाजारात दिसला तर दोघंही हवामानाबद्दल बोलतो.

एक हजार एकशे बेचाळीस पौंड, तीस पेन्स.
"आणि हा? वहीत लिहू?"
"नको."
दोघींच्या सह्या. मेरियल दिवा मालवते.

घरी, पिठाच्या पिशवीमागे, बिस्किटांचा डबा.
नट आत टाकते. आवाज लहानसा.
अकरा वर्षांत डबा भरत आलाय,
आणि गाडी अजून दाराच्या पुढे सरकलेली नाही.
मी एक्याहत्तरची, तो शहात्तरचा.

मोठा डबा बघायला हवा.